मागचा आरसा

केस कापून झाले की मी छोटा आरसा
माणसाच्या डोक्यामागे धरते.
तेवीस वर्षं धरतेय.
सगळे मान डोलावतात, छान, छान.
बघत कुणीच नाही.

यॉर्क द्वीपकल्पावर, गव्हाच्या कोठारांसमोर
माझं एका खुर्चीचं दुकान.
गावातल्या माना मला पाठ आहेत,
कुणाची सुरकुत्यांनी चौकटी पडलेली, कुणाची विटेसारखी,
शाळा सोडली त्या वर्षीच भाजलेली.

क्लेम ट्रेस्ट्रेल रस्त्यांवर ग्रेडर चालवायचा.
उजवी खिडकी उघडी, कोपर बाहेर,
असे एकतीस उन्हाळे.
त्याचा उजवा हात डाव्यापेक्षा दहा वर्षांनी म्हातारा.
टोपीला झापड फक्त पुढे,
म्हणजे नाक सावलीत आणि कान वाऱ्यावर.
क्रीम फासणाऱ्या पोरांना तो हसायचा,
कातडीबचाऊ म्हणायचा.

मार्चमध्ये त्याच्या उजव्या कानामागे
एक तीळ दिसला, मसुराएवढा.
अर्धा तपकिरी, अर्धा जांभळट काळा,
टीपकागदावर शाई फुटावी तशी कड.
मागल्या खेपेला तो गोल होता,
हे मला आठवत होतं.
मी कात्री थांबवली.
तेवढ्यात तो म्हणाला,
आज बेरिलचं कपाट रिकामं केलं.
सगळं चर्चच्या दुकानात देऊन आलो,
हिरवा कोट तेवढा ठेवला.

मी त्याचा कान सोडून दिला.
बावीस डॉलर घेतले,
सुटे परत केले.

कानामागून येतं आणि तिखट होतं,
पण दुखत नाही,
हीच त्याची लबाडी.

सहा आठवड्यांनी तो परत खुर्चीत बसला
तेव्हा मी आधी बोलले आणि मग टॉवेल बांधला.
तो म्हणाला, ग्लेनिस,
हे केस काही उन्हात पांढरे झाले नाहीत.
मी म्हटलं, क्लेम,
तुझे उन्हातच झालेत.

डॉक्टर एझेन्वाने भिंग लावून पाहिलं,
तुकडा काढून शहरात पाठवला.
मी गाडी चालवत होते म्हणून आत होते.
ती सावकाश सांगत होती:
त्वचा विसरत नाही.
आठव्या वर्षी किनाऱ्यावर सोललेली पाठ
तिच्या वहीत अजून आहे.
ऊन पेशीच्या आतल्या अक्षरांवर खाडाखोड करतं,
पेशी ती दुरुस्त करत राहते,
एखादी चूक नजरेतून निसटते
आणि मग चूकच स्वतःच्या प्रती काढत बसते.
किती खोल गेलंय, क्लेमने विचारलं.
शून्य पूर्णांक नऊ मिलीमीटर.
माझ्या कंगव्याच्या दातापेक्षा बारीक.
अजून थोडे दिवस गेले असते तर, ती म्हणाली,
आणि वाक्य तिथेच ठेवलं.

मार्चचं मी कुणाला सांगितलेलं नाही.

सप्टेंबरात तो आला.
आभाळ भरलेलं, वारा गार,
तरी डोक्यावर रुंद काठाची हॅट,
उरलेल्या कानावर न चोळलेलं पांढरं क्रीम.
दुसऱ्या कानाचा मागचा काठ
पोरानं बिस्किट चावावं तसा.
वरून केस थोडे लांब ठेवू का, मी विचारलं.
नको, म्हणाला, दिसू दे.
ग्रेडरवरची पोरं विचारतात,
मग मी त्यांचे कान बघतो.

मी आरसा धरला.
तो बघत राहिला, इतका वेळ
की माझा हात दुखायला लागला.
मग म्हणाला,
तुझ्यामागे कोण धरतं गं?

दुकान बंद करून पडदा ओढला.
भिंतीचा आरसा, हातातला आरसा,
एका हाताने केस वर.
हात हलतो, प्रतिमा उलटीकडे सरकते,
मान काही सापडेना.
मग सापडली.
खाली, कॉलरच्या रेघेवर, एक ठिपका.
जुना असेल. नवा असेल.
गावातल्या सगळ्या माना पाठ,
ही एक कधी वाचलीच नव्हती.

दवाखाना नऊला उघडतो.
पहिली गिऱ्हाईक साडेनऊची,
तिला फोन करून ठेवला.